क्यूजीआयएसमध्ये खान्देशचा तालुकानिहाय साक्षरतेचा नकाशा केला, रंग भरले, पण सर म्हणतात "यातून काही कळत नाही". काय चुकतंय?

म्हणजे तुम्ही एम.ए. भूगोलला आहात, जळगाव-धुळे-नंदुरबारच्या २५ तालुक्यांचा साक्षरतेचा नकाशा प्रोजेक्टला लावायचाय, यूट्यूब बघून क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर टाकलं, २०११ च्या जनगणनेतला साक्षर लोकांचा कॉलम लावला, रंगही आले, आणि सरांना पटलं नाही. सरांचं बरोबर आहे. पण घाबरू नका, तुमची चूक पहिला नकाशा करणारा जवळजवळ प्रत्येक जण करतो, मी तर तीच चूक परीक्षकासमोर केली होती.

मी अमळनेरकडचा. कॉलेजात असताना माझा विषय लोकसंख्या होता, तिन्ही जिल्ह्यांना एकूण लोकसंख्येप्रमाणे रंग दिला, जळगाव गडद लाल, धुळे मध्यम, नंदुरबार फिका, मोठ्या ऐटीत कलर प्रिंट काढून नेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला, नकाशा जवळ धरला आणि विचारलं, "हा लोकसंख्येचा नकाशा आहे का जळगाव जिल्हा मोठा आहे याचा?" मला काही बोलता येईना. घरी येऊन आकडे पुन्हा मांडले तेव्हा कळलं ते काय म्हणत होते. २०११ ला जळगावची लोकसंख्या ४२,२९,९१७, धुळ्याची २०,५०,८६२, नंदुरबारची १६,४८,२९५. आता याला क्षेत्रफळाने भागा, म्हणजे ११,७६५, ७,१९५ आणि ५,९५५ चौरस किलोमीटरने, तर दर चौरस किलोमीटरला माणसं येतात जळगावला ३६०, धुळ्याला २८५, नंदुरबारला २७७. म्हणजे धुळे आणि नंदुरबार जवळपास सारखेच निघाले की! आणि माझ्या नकाशात त्या दोघांत चांगला एका छटेचा फरक दिसत होता. जळगावही दुपटीने "दाट" दिसत होतं, तसं ते नाहीये.

तर मुद्दा हा. नववीच्या भूगोलात वितरणाचे नकाशे शिकलो होतो ना, टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, समघनी पद्धत, त्यातली क्षेत्रघनी म्हणजे तुम्ही करताय ती, अख्ख्या तालुक्याला एक रंग. या पद्धतीत कच्ची संख्या कधी टाकायची नाही. टक्केवारी टाका, घनता टाका, दर हजारी काहीतरी टाका, थोडक्यात कशाने तरी भागलेलं टाका. कारण डोळा तालुक्याचा आकार बघतो आणि रंग बघतो, आणि संख्या टाकली की मोठा तालुका गडद होणार, हे नकाशा न काढताही सांगता येतं. तुम्ही साक्षर लोकांची संख्या लावलीत म्हणजे तुमच्या नकाशात जळगाव आणि धुळे हे शहरांचे तालुके गडद आले असणार आणि बोदवड फिका. बोदवडमध्ये लोक शिकलेले नाहीत असं थोडंच आहे, बोदवड तालुकाच लहान आहे.

मजा म्हणजे या प्रकारचा पहिला नकाशा मानतात तोही शिक्षणाचाच होता. १८२६ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ नावाच्या माणसाने काढला, काळ्या-पांढऱ्या छटांत, आणि त्याने सुद्धा शाळेतल्या मुलांची नुसती संख्या नव्हती घेतली, किती माणसांमागे एक मुलगा शाळेत जातो हे घेतलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी त्याला कळलं ते मला परीक्षकाने चष्मा वर केल्यावर कळलं, असो.

आता साक्षरतेचा दर काढताना अजून एक खड्डा आहे, त्यात बरेच जण पडतात. साक्षर भागिले एकूण लोकसंख्या असं करू नका. जनगणनेत साक्षरता दर सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांवर काढतात, सहा वर्षांपर्यंतची पोरं त्यात धरतच नाहीत. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्याच्या एक्सेलमध्ये तीन कॉलम शोधा, टॉट-पी म्हणजे एकूण, पी-०६ म्हणजे शून्य ते सहा वयाची मुलं, आणि पी-लिट म्हणजे साक्षर. एकूणातून मुलं वजा करा, साक्षरांना त्याने भागा, शंभरने गुणा. समजा एका तालुक्यात एक लाख लोक, त्यात १६ हजार लहान मुलं, ५० हजार साक्षर. एकूणाने भागलं तर ५० टक्के, नीट भागलं तर ५९.५. आणि दुसऱ्या तालुक्यात तेवढेच लोक, तेवढेच साक्षर पण मुलं १० हजारच, तर तिथे नीट भागून ५५.६. चुकीच्या पद्धतीत दोघं सारखे, बरोबर पद्धतीत पहिला पुढे. म्हणजे जिथे लहान मुलांचं प्रमाण जास्त तिथली साक्षरता तुम्ही विनाकारण खाली ओढता, आणि आपल्याकडे तो फटका सातपुड्यातल्या तालुक्यांना बसतो, ते बिचारे आधीच खाली आहेत. तुमचं गणित जमलं का हे तपासायचं असेल तर जिल्ह्याची बेरीज करून दर काढा, जळगाव ७८.२, धुळे ७२.८, नंदुरबार ६४.४ आलं पाहिजे.

आता सॉफ्टवेअर. क्यूजीआयएस घेतलंत ते चांगलं केलंत, फुकट आहे, २००२ पासून लोक मिळून बनवतायत, आणि पायरेटेड सॉफ्टवेअरच्या भानगडीत पडायची गरज नाही. डाउनलोड करताना लाँग टर्म रिलीज लिहिलेलं घ्या, नवीनच्या मागे लागू नका. २५ तालुक्यांसाठी साधा चार जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो.

तालुक्यांच्या सीमांची फाइल सर्व्हे ऑफ इंडियाची घ्या. परदेशी साइटवर पटकन मिळतात पण त्यात देशाची सीमा आपल्या अधिकृत नकाशापेक्षा वेगळी असते, खान्देशपुरतं त्याने बिघडत नाही पण कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा लावायला गेलात की व्हायव्हाला त्याच्यावरच अर्धा तास जाईल.

खरी डोकेदुखी आहे जॉइन. म्हणजे सीमांची लेयर एकीकडे आणि एक्सेलचे आकडे दुसरीकडे, दोन्ही एका कॉलमवर जुळवायचे. लोक नावावर जुळवायला जातात आणि मग २५ पैकी १८ तालुके रंगतात, बाकीचे गायब. का? कारण एका फाइलमध्ये अक्राणी आहे आणि दुसरीत धडगाव, तालुका अक्राणी पण गाव धडगाव, आपल्याला माहितीये, कॉम्प्युटरला माहीत नाही. मुक्ताईनगर कुठेतरी अजून एदलाबाद म्हणून बसलेलं असतं. शिंदखेडा इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात, नवापूर आणि यावलमध्ये कोणी व्ही लिहितो कोणी डब्ल्यू. आणि सगळ्यात हरामखोर म्हणजे नावाच्या शेवटची रिकामी स्पेस, ती दिसत पण नाही, मी एकदा "चोपडा" का जुळत नाही म्हणून रात्रीचे दोन वाजवलेत.

म्हणून कोडवर जुळवा. जनगणनेत प्रत्येक जिल्ह्याला कोड आहे, नंदुरबार ४९७, धुळे ४९८, जळगाव ४९९, तसा तालुक्याला पाच आकडी कोड आहे. फक्त तालुक्याचे कोड शून्याने सुरू होतात आणि सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामाने आकडे वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की एक्सेल ते पुढचं शून्य खाऊन टाकतं. मग सीमांच्या फाइलमध्ये कोड शून्यासकट टेक्स्ट म्हणून आणि तुमच्या फाइलमध्ये शून्याशिवाय आकडा म्हणून, जुळणार कसं? सोपा उपाय म्हणजे सीमांच्या लेयरमध्ये फील्ड कॅल्क्युलेटर उघडायचं, टू-इंट फंक्शनने कोडचा नवा आकडी कॉलम करायचा, दोन्हीकडे आकडा झाला की शून्याचा प्रश्नच मिटला. सीमांच्या फाइलमध्ये जनगणनेचा कोड नसेलच तर २५ च ओळी आहेत, चहा घ्या आणि हाताने टाका, अर्ध्या तासाचं काम आहे.

सीएसव्ही आणताना लेयर मेनूमधून ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर, एन्कोडिंग यूटीएफ-८, आणि खाली नो जॉमेट्री निवडा. मग सीमांच्या लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये जॉइन्स, हिरवं अधिकचं चिन्ह, दोन्हीकडचे कोडचे कॉलम, ओके. झालं की ॲट्रिब्यूट टेबल उघडून डोळ्याने बघा, कुठे नल, म्हणजे रिकामं, दिसतंय का. आणि एक्सेलमधून आधीच टोटल, रुरल, अर्बन या तीन ओळींपैकी फक्त टोटल ठेवा, नाहीतर एका तालुक्याच्या तीन ओळी असतात आणि जॉइन त्यातली एकच उचलतं. आकड्यांमध्ये स्वल्पविराम असतील तर तेही काढा, कारण स्वल्पविराम असला की तो कॉलम टेक्स्ट होतो आणि पुढे रंग द्यायच्या यादीत दिसतच नाही, मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलं.

जॉइन हे तात्पुरतं असतं, म्हणून झाल्यावर लेयर एक्सपोर्ट करून नवीन फाइल करा आणि ती जिओपॅकेज या फॉरमॅटमध्ये करा, शेपफाइल या फॉरमॅटमध्ये नको. शेपफाइल म्हणजे एक फाइल नसतेच, चार-पाच फायलींचं कुटुंब असतं, मित्राला पेनड्राइव्हवर एकटी डॉट एसएचपी दिली की त्याच्याकडे उघडत नाही. कॉलमचं नाव दहा अक्षरांच्या पुढे कापतं. आणि मराठी नावं असतील तर एन्कोडिंग हुकलं की सगळ्या तालुक्यांच्या जागी प्रश्नचिन्हं. जिओपॅकेज एकच फाइल, मराठी नीट राहतं.

तुम्हाला साक्षरतेसाठी लागणार नाही पण घनता काढायचं कधी मनात आलं तर सांगून ठेवतो. क्षेत्रफळ काढताना मी एरिया फंक्शन वापरलं, लेयर होती अक्षांश-रेखांशात, आणि जळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ आलं १.०२. मी म्हटलं काय जायं भो? १.०२ काय? किलोमीटर नाही, हेक्टर नाही, तर ते होतं चौरस अंश! एक अंश उभा, एक अंश आडवा, आपल्या अक्षांशावर तेवढा चौकोन साधारण साडेअकरा हजार चौरस किलोमीटरचा होतो, म्हणजे उत्तर बरोबर होतं, फक्त कामाचं नव्हतं. त्याने लोकसंख्येला भागून घनता आली एक्केचाळीस लाखांच्या वर, आणि मी ती लेजेंडमध्ये, म्हणजे नकाशाच्या सूचीत, तशीच छापणार होतो. डॉलर-एरिया वापरलं तर ते पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब धरून काढतं, नाहीतर सरळ लेयर यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये बदला, यादीत त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३, हा झोन ७२ ते ७८ रेखांशाचा आहे, सगळा खान्देश आरामात बसतो. नकाशासाठी प्रोजेक्टलाही हेच ठेवा, स्केलबार बरोबर येतो.

आता रंग, आणि इथे सरांचा दुसरा आक्षेप असणार बघा. सिम्बॉलॉजीमध्ये ग्रॅज्युएटेड निवडलं, साक्षरतेचा कॉलम लावला, खाली मोड विचारतं. यूट्यूबवाले इथे काहीतरी दाबून पुढे जातात, पण नकाशा काय बोलणार हे इथेच ठरतं. इक्वल काउंट म्हणजे प्रत्येक गटात सारखेच तालुके, २५ तालुके पाच गट म्हणजे पाच-पाच, नकाशा दिसतो छान, सगळे रंग सारखे वापरलेले, पण ७१.९ वाला एका रंगात आणि ७२.१ वाला दुसऱ्या रंगात जाऊ शकतो, आणि सगळ्यात खालच्या गटात पंधरा टक्क्यांचं अंतर असलेले दोन तालुके एकाच रंगात बसतील. इक्वल इंटरव्हल म्हणजे सगळ्यात कमी ते सगळ्यात जास्त याचे सारखे तुकडे, हे वाचायला सोपं, पण आपल्याकडे अक्राणी आणि अक्कलकुवा बाकीच्यांपासून बरेच खाली आहेत, त्यामुळे खालचे गट त्या दोघांसाठीच अडकतात आणि उरलेला खान्देश वरच्या दोन-तीन छटांत कोंबला जातो. नॅचरल ब्रेक्स म्हणजे जेंक्सची पद्धत, जॉर्ज जेंक्स नावाचा अमेरिकन नकाशाकार होता, ती आकड्यांमध्ये जिथे आपोआप फट पडते तिथे रेघ मारते. एकट्या नकाशासाठी मला हीच आवडते.

पण तुम्ही जर २००१ आणि २०११ शेजारी शेजारी लावणार असाल, आणि प्रोजेक्टमध्ये हे सगळेच करतात, तर जेंक्स चालणार नाही. दोन्ही नकाशांत रेघा वेगवेगळ्या पडतील, २००१ चा गडद हिरवा आणि २०११ चा गडद हिरवा यांचा अर्थ वेगळा, आणि बघणारा म्हणणार काहीच सुधारलं नाही. तिथे गट हाताने टाका, ५० च्या खाली, ५० ते ६०, ६० ते ७०, ७० ते ८०, ८० च्या वर, दोन्हीला तेच. यादीतल्या आकड्यावर डबल क्लिक केलं की बदलता येतो. आणि १९९१ वर जायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून निघाला, १९९१ चा "धुळे" म्हणजे आजचे दोन जिल्हे, जिल्ह्याजिल्ह्याची तुलना सरळ करता येत नाही, तालुके मिळवून मिळवून करावी लागते.

गट पाचच ठेवा, फार तर सहा. रंग एकच, फिक्यापासून गडदपर्यंत. सात रंगांची रांगोळी काढू नका, पिवळा जास्त का जांभळा जास्त हे कोणाला सांगता येतं? दोन टोकांचे रंग तेव्हाच, जेव्हा मधे काहीतरी अर्थाची रेघ आहे, उदाहरणार्थ राज्याच्या सरासरीच्या वर निळे आणि खाली तपकिरी. लाल-हिरवं टाळा, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही, आणि तुमचे परीक्षक त्यातले निघाले तर? क्यूजीआयएसमध्ये कलरब्रूअरच्या तयार रंगपट्ट्या आहेत, सिंथिया ब्रूअर या अमेरिकेतल्या नकाशातज्ज्ञ बाईंनी खास नकाशांसाठी बसवलेल्या, त्यातली एक उचला आणि मोकळे व्हा. लेजेंडमध्ये ४५.३२१७ असलं काही ठेवू नका, प्रिसिजन एक किंवा शून्य करा. ज्या तालुक्याचा आकडा नाही तो ग्रॅज्युएटेडमध्ये काढलाच जात नाही, नकाशाला भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून खाली त्याच सीमांची एक राखाडी लेयर टाकून लेजेंडमध्ये "माहिती नाही" लिहा.

संख्याच दाखवायची असेल, म्हणजे समजा पुढच्या सेमिस्टरला केळीखालचं क्षेत्र हेक्टरमध्ये, तर रंग नको, वर्तुळं काढा. रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात मोठी वर्तुळं, बाकी लहान, बघताक्षणी कळतं. (जळगावच्या केळीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय तो वेगळा, जीआयएसमधला नाही, आमच्या लॅबमधला हा जोक जुना झालाय पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) वर्तुळाचा आकार ठरवताना साइजच्या असिस्टंटमध्ये सरफेस किंवा फ्लॅनरी निवडा, रेडियस नको, कारण रेडियस दुप्पट केली की वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि रावेर उगाच राक्षसासारखं दिसतं. फ्लॅनरी जरा अजून पुढे जाते, माणूस मोठी वर्तुळं आहेत त्यापेक्षा लहान समजतो म्हणून ती थोडी फुगवून देते.

शेवटी प्रिंट लेआउट. ए-४ आडवा, स्केल १:१२,५०,००० ठेवला तर तिन्ही जिल्हे बसतात आणि लेजेंडला जागा उरते. शीर्षकात "साक्षरता" एवढंच नको, "तालुकानिहाय साक्षरता दर, २०११, सात वर्षं व त्यावरील लोकसंख्या" असं लिहा, खाली आकडे कुठून घेतले ते एका ओळीत. मराठी लेबलसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फाँट वापरा, आणि पीडीएफ करताना टेक्स्ट पाथ म्हणून एक्सपोर्ट करा, नाहीतर प्रिंटवाल्याच्या कॉम्प्युटरवर "शिरपूर"च्या वेलांट्या उडायची भीती असते.

एक गोष्ट मला काकांनी शिकवली. दुरुस्त केलेला नकाशा मी घरी भिंतीला लावला होता, ते जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हाई काय शे? आपलं गाव कोठे शे?" रंग होते, गट होते, सगळं शास्त्रशुद्ध, पण त्यांना तापीच दिसत नव्हती तर गाव कुठून सापडणार. तेव्हापासून मी तापी आणि गिरणा फिक्या निळ्या बारीक रेघेने टाकतो, तालुक्याच्या गावांचे ठिपके टाकतो, जिल्ह्याची सीमा तालुक्यापेक्षा जाड करतो. एवढ्याने माणूस आधी स्वतःचं गाव शोधतो आणि मग आपोआप शेजारच्या रंगाकडे बघतो.

आणि कलर प्रिंटच्या आधी झेरॉक्सवाल्याकडे पाच रुपये टाकून एक काळी-पांढरी काढा. पाचही छटा वेगळ्या ओळखू आल्या तर द्या कलरला. नाही आल्या तर परत जाऊन मधल्या दोन छटांमधलं अंतर वाढवा, बहुतेक वेळा तिसरी आणि चौथीच एकमेकीत मिसळतात.